तंजावरला तीन रात्री

मंडळी, आपल्याकडचे कुणी दक्षिणेची यात्रा करून आले की गावात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काय काय पाहिलंत?" आणि उत्तरादाखल नावांची एक माळच ऐकायला मिळते. तिरुपती, कांची, मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी. त्या माळेत तंजावर असते. नाही असे नाही. पण ते बहुधा वाटेवरचे असते. मोटार थांबते, बरोबरचा माणूस घड्याळावर बोट ठेवून "पाऊण तासात परत या" म्हणून बजावतो, मंडळी घाईघाईने आत जातात, देवाला हात जोडतात, नंदीपुढे उभे राहून फोटो काढतात आणि धापा टाकीत पुन्हा मोटारीत येऊन बसतात.

माझे सांगणे एवढेच, की एखाद्या वर्षी ही माळ खुंटीला टांगून ठेवा. एकाच गावी पिशवी टाका, तिथे तीन रात्री राहा, रोज सकाळी एका दिशेला जा आणि दिवस मावळता त्याच खोलीवर परत या. रोज सामान बांधायचे नाही, रोज नवी खोली शोधायची नाही. दुसऱ्या दिवशी चहावाला ओळखू लागतो, तिसऱ्या दिवशी तुम्हांला गल्ल्या ओळखू येतात. म्हाताऱ्या माणसांना तर हाच प्रवास झेपतो. आणि असा मुक्काम ठोकायला तंजावरइतके सोयीचे गाव मराठी माणसाला शोधून सापडायचे नाही. का, ते ओघाने येईलच.

आधी केव्हा जायचे ते पाहू, कारण आपली मंडळी इथेच फसतात. दिवाळीची सुट्टी लागली की शिक्षकांचे पाय शिवशिवतात. आपल्याकडे पाऊस सरलेला, आभाळ निवळलेले. तेव्हा तिकडेही तसेच असणार असे आपण धरून चालतो. पण तंजावरचा मुख्य पाऊस आपल्यासारखा नैऋत्येकडून येत नाही. तो येतो ईशान्येकडून, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आणि डिसेंबरातही बरेच दिवस रेंगाळतो. बंगालच्या उपसागरातली वादळेही त्याच दिवसांतली. म्हणजे आपण दिवाळीचा फराळ बांधून निघायचे आणि तिकडे छत्री उघडून बसायचे! जानेवारी-फेब्रुवारी सर्वांत चांगला. हवा गोड असते आणि सांबा भाताची कापणी चाललेली असते. मात्र जानेवारीच्या मध्यावर पोंगल येतो, त्या आठवड्यात गाड्यांना मुंगी शिरायला जागा नसते. शिक्षकांना त्या दिवसांत रजा मिळणे कठीण. त्यांनी नाताळचे दिवस धरावेत, नाहीतर मे महिना. मे महिन्यात गेलात तर एक पथ्य पाळा. सकाळी अकरापासून चारपर्यंत उन्हात पाऊल टाकायचे नाही. देवळात पायताण बाहेर काढून ठेवावे लागते आणि दगडी फरशी तव्यासारखी तापते. "थोडंच तर चालायचंय" म्हणून निघालेली माणसे अर्ध्या वाटेवर नाचू लागतात. पायमोजे बरोबर ठेवा, बरीच मदत होते.

जाण्याचा सरळ मार्ग म्हणजे मुंबई, पुणे किंवा सोलापूरहून रेल्वेने चेन्नई आणि तिथून रात्रीच्या गाडीने तंजावर. चेन्नईत मोठी स्टेशने एकाहून अधिक आहेत. सेंट्रल वेगळे, एग्मोर वेगळे, तांबरम तर आणखी लांब. उतरायचे कुठे आणि बसायचे कुठे हे तिकिटावर वाचून ठेवा, आणि दोन गाड्यांच्या मध्ये चांगले चार-पाच तास असू द्या. चेन्नई-तंजावर गाड्यांपैकी एकीचे नाव आहे 'उळवन एक्सप्रेस'. उळवन म्हणजे नांगर धरणारा, शेतकरी. रेल्वेला कुळंब्याचे नाव दिलेले पाहून मला तरी आनंद वाटला. दुसरा मार्ग तिरुचिरापल्लीवरून, ज्याला आपण त्रिची म्हणतो. तिथून तंजावर पन्नास-पंचावन्न किलोमीटर. मोटारी सारख्या चालू असतात.

आता राहण्याचे. 'हॉटेल' ही पाटी पाहून आत शिराल तर तिकडेही, आपल्याप्रमाणेच, पुढ्यात इडली येण्याचा संभव जास्त. राहायला हवे असेल तर लॉज किंवा रेसिडेन्सी अशी पाटी शोधावी. खोली शक्यतो रेल्वे स्टेशन आणि जुने बस स्थानक यांच्या आसपास घ्यावी. मोठे देऊळ तिथून चालत जाण्याइतके जवळ आहे. लांबच्या मोटारी सुटतात ते नवे बस स्थानक मात्र गावाबाहेर आहे, तिथे जायला शहराची बस मिळते. पैसे देण्यापूर्वी खोली पाहा. संकोच करू नका, तिकडे ही रीतच आहे. नळ सोडून पाहा, कडी लागते का पाहा, गादी उचलून पाहा. दिवस कसा मोजतात हे आधी विचारा. काही ठिकाणी तुम्ही आलात त्या घटकेपासून चोवीस तास धरतात, तर काही ठिकाणी दुपारी बारा वाजले की दिवस संपला. रात्रीच्या गाडीने पहाटे पोचणाऱ्याला या फरकापायी एका दिवसाचे भाडे जास्त पडू शकते. गुडघे दुखत असतील तर तळमजला मागा.

जेवणाचे दोन शब्द लक्षात ठेवले की काम भागते. 'सैवम' म्हणजे शाकाहारी आणि 'असैवम' म्हणजे मांसाहारी. शैव या शब्दावरूनच तो आलेला आहे. पाण्याला तण्णीर म्हणतात, गरम पाण्याला वेण्णीर. पुरे म्हणायचे तर 'पोदुम'. हा शेवटचा शब्द पाठ करूनच जा, कारण दुपारी केळीच्या पानावर भात वाढणारा माणूस तुमच्या मानेच्या हलण्याकडे लक्ष देत नाही. सांबाराची कथाही तुम्हांला तिथे कुणीतरी ऐकवील. तंजावरच्या भोसल्यांच्या मुदपाकखान्यात आमसुले संपली, म्हणून चिंच घालून आमटी केली, पाहुणे होते संभाजीराजे, म्हणून ते 'सांबार'. कथा चवदार आहे. पुरावा मात्र कुणी दाखवलेला नाही, तेव्हा शाळेत इतिहास म्हणून शिकवू नका.

राहण्याजेवण्याचा विषय निघालाच आहे तर एक जुनी हकीकत सांगतो, आणि ती सांगताना थोडा वेळ लागेल. तंजावरहून रामेश्वरला जाणाऱ्या वाटेवर भोसले राजांनी जागोजाग छत्रे बांधली होती. अन्नछत्रातले छत्र तेच हे. तमिळ लोक त्याला चत्तिरम म्हणतात. काशीहून रामेश्वरला पायी निघालेला यात्रेकरू महिनोन् महिने चालून या मुलुखात पोचे तेव्हा पायाला फोड, अंगात ताप आणि कनवटीला काही नाही अशी त्याची अवस्था असे. त्याच्यासाठी ही छत्रे. कित्येकांना राजघराण्यातल्या स्त्रियांची नावे आहेत. 1799 साली दुसऱ्या सरफोजीराजांच्या हातून राज्यकारभार इंग्रज कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला आणि भोवतालचा थोडा मुलूख एवढेच उरले. पुढे छत्रांच्या उत्पन्नाचा प्रश्न निघाला, तेव्हा 1801 साली या राजाने कंपनीच्या रेसिडेंटला एक पत्र लिहिले. राज्य गेल्याचे रडगाणे त्यात नाही. छत्रात काय काय होते ते त्याने सांगितले आहे. कोणत्याही जातीचा वाटसरू आला तरी त्याला अन्न मिळते. मध्यरात्री घंटा वाजते, कुणी उपाशी राहिले असेल तर त्याने यावे म्हणून. आजारी माणसाला वैद्य आणि औषध मिळते, बाळंतिणीची व्यवस्था होते, वाटेत आईबाप गेलेल्या पोरांना सांभाळून शिकवले जाते, आणि जो तिथेच मेला त्याचे अंत्यसंस्कारही होतात. एवढे चालू ठेवू द्या, अशी त्याची मागणी.

तंजावरपासून पंचवीसेक किलोमीटरवर ओरत्तनाडू नावाचे गाव आहे. तिथे 1802 च्या सुमाराचे मुक्तांबाळ छत्र उभे आहे. सरफोजीराजांची जी प्रिय स्त्री होती, मुक्तांबा, तिच्या स्मरणार्थ ते बांधले. तिथे पुढे शाळाही चालली. शिक्षकांनी अर्धा दिवस काढून हे गाव जरूर पाहावे. यात्रेच्या मोटारी तिकडे वळत नाहीत. रात्री लॉजवर पडल्या पडल्या त्या मध्यरात्रीच्या घंटेची आठवण झाली तर मला तरी आश्चर्य वाटणार नाही.

आता मोठे देऊळ. तिथले लोक त्याला 'पेरिय कोयिल' म्हणतात, म्हणजे मोठे देऊळच. आपण बृहदीश्वर म्हणतो. चोळ राजा पहिला राजराज याने ते बांधले, आणि 1010 साली ते पुरे झाले. शिखर सुमारे दोनशे फूट उंच, सगळे ग्रॅनाइटचे. ग्रॅनाइट म्हणजे किती कठीण दगड ते आपल्या विहिरी खणणाऱ्यांना सांगायला नको. त्या दगडावर अक्षरे मात्र मेणात कोरावीत तशी कोरलेली आहेत. आत जायला तिकीट नाही. दुपारी साडेबाराच्या सुमाराला गाभारा बंद होतो आणि चारच्या पुढे उघडतो. तिकडच्या बहुतेक देवळांची रीत अशीच आहे, म्हणून बेत आखताना देवळे सकाळ-संध्याकाळ आणि राजवाडा दुपारी असे धरावे. या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही असे तुम्हांला छातीठोकपणे सांगणारे भेटतील. सावली पडते. सकाळी आठला जाऊन स्वतः पाहा, तिच्यातच बसा, गारवा असतो. समोरचा एका दगडाचा प्रचंड नंदी चोळांचा नव्हे; तो पुढच्या नायक राजांच्या काळातला.

देऊळ पाहायचे ते मान वर करून, हे खरे; पण मी म्हणतो की खाली वाकूनही पाहा. जोत्यावर तमिळ अक्षरांच्या ओळीच्या ओळी कोरल्या आहेत. तो या देवळाचा जमाखर्च आहे. कुणी किती सोने दिले, कोणत्या गावाने किती भात घालायचा, सगळे नोंदलेले. देवळात चारशे नर्तकी आणल्या, तर प्रत्येकीचे नाव आणि तिचे घर कोणत्या आळीत ते लिहिले आहे. प्रत्येकीला वर्षाचे शंभर कलम भात. आणि शेतकरी बांधवांनो, तुमच्यासाठी यात एक मौज आहे. देवापुढे एक दिवा अखंड जळत ठेवायचा तर त्याला तूप लागणार. राजाने धनगराला शहाण्णव मेंढ्या दिल्या, आणि त्याने रोज ठरल्या मापाने तूप घालायचे असा करार केला. या मेंढ्यांना लेखात विशेषण लावले आहे ते 'न मरणाऱ्या, न म्हाताऱ्या होणाऱ्या'. म्हणजे काय? एक मेली तर तिच्या जागी करडू वाढवायचे, आकडा शहाण्णवच राहिला पाहिजे. मूळ भांडवल खायचे नाही, वाढीवर दिवा चालवायचा. सहकारी सोसायटीच्या चिटणीसांनी हा लेख जरूर पाहावा.

आणि आता आपल्या खास कामाचे. देवळाच्या आवाराला जी मोठी भिंत आहे, तिच्याकडेने नैऋत्येच्या बाजूला जा. तिथे भिंतीवर ओळींमागून ओळी दिसतील, आणि तुम्ही एकदम थबकाल, कारण ती अक्षरे तुम्हांला वाचता येतात. देवनागरी लिपी, मराठी भाषा. सरफोजीराजांच्या आज्ञेवरून बाबूराय चिटणीसांनी 1803 साली लिहिलेला हा भोसल्यांच्या वंशाचा इतिहास आहे. पुण्या-साताऱ्यापासून एवढ्या लांब, तमिळ मुलुखाच्या पोटात, दगडावर मराठी! लहान मुले बरोबर असतील तर त्यांना तिथे मोकळे सोडा. ती एकेक अक्षर जुळवीत ओरडतात, आणि शेजारून जाणारा तमिळ माणूस हसून थांबतो.

शिक्षकांसाठी इथे दोन गोष्टी सांगतो. पहिली अशी, की हा लेख दरबारी आहे. राजाच्या पदरच्या माणसाने राजाच्या कुळाची हकीकत लिहिली, तेव्हा तिच्यात थोरवी जास्त असणार हे उघड आहे. बखर वाचतो त्या सावधपणाने तो वाचावा. दुसरी गोष्ट जरा नाजूक. हा लेख पाहून आपल्या काही मंडळींच्या छात्या फुगतात आणि "इथे आपलं राज्य होतं" अशी भाषा मोठ्याने सुरू होते. राज्य होते, बरोबर आहे. शहाजीराजांचे पुत्र आणि शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी 1675 च्या सुमारास तंजावर घेतले आणि 1855 पर्यंत त्या घराण्याची गादी तिथे चालली. पण देऊळ आपले नव्हे. ते आपण जायच्या आधी साडेसहाशे वर्षे उभे होते, आणि भोसल्यांनी त्याच्या भिंतीवर आपली हकीकत लिहिली ती पूर्वीचे तमिळ लेख पुसून नव्हे. ज्या घरी आपण पाहुणे म्हणून जातो, त्या घरच्या भिंतीवर आपल्या आजोबाची तसबीर दिसली म्हणून घर आपले होत नाही. तिथे हळू बोलावे. आणि अक्षरे नीट दिसावीत म्हणून दगडावर खडू घासणाऱ्याला हात धरून थांबवावे, मग तो आपला असो की परका.

दुपार राजवाड्याला द्या. वाडा नायकांच्या वेळचा, पुढे भोसल्यांनी वाढवलेला. बराचसा पडका आहे, आणि पाट्या वाचल्याखेरीज कुठे काय ते कळत नाही. तरी दोन जागा चुकवू नका. एक म्हणजे चोळांच्या काळच्या पंचधातूच्या मूर्तींचे दालन. आणि दुसरी सरस्वती महाल ग्रंथालय. सरफोजीराजे राज्य हातचे गेल्यावर पुस्तकांच्या मागे लागले. 1820 मध्ये काशीयात्रेला गेले ते हस्तलिखिते जमवीत परत आले. आज तिथे संस्कृत, तमिळ, तेलुगू असा मोठा संग्रह आहे, मराठी हस्तलिखितेच तीन हजारांच्या आसपास आहेत, आणि मोडी कागदांचे रुमाल निराळे. सर्वांना पाहता येतो तो संग्रहालयाचा लहानसा भाग. पोथ्या हाताळायच्या तर आधी पत्र लिहून परवानगी घ्यावी लागते. आठवड्यातून एक दिवस ते बंद असते, तेव्हा वार विचारून जा. या राजाला वैद्यकाचाही नाद होता. डोळ्याच्या रोग्यांची टिपणे आणि रंगीत चित्रे त्याच्या काळची तिथे जपलेली आहेत. आणि प्राथमिक शिक्षकहो, ही माहिती फळ्यावर लिहून ठेवण्याजोगी आहे. देवनागरी ठशांनी मराठी पुस्तक छापण्याचे काम या तंजावरात झाले. राजाने आपला छापखाना काढला आणि 1806 साली तिथे इसापच्या गोष्टींचे मराठी पुस्तक निघाले. शनिवारवाड्यावर पेशव्यांचे निशाण असतानाची ही गोष्ट!

आता दिवसाच्या फेऱ्या. एक दिवस पूर्वेला कुंभकोणम् धरावे. रेल्वेने किंवा मोटारीने चाळीस किलोमीटर. त्याच्या अलीकडे दारासुरम् आहे. तिथले ऐरावतेश्वराचे देऊळ दुसऱ्या राजराजाने बाराव्या शतकात बांधले. मोठ्या देवळापुढे हे लहान, पण कोरीव काम इतके नाजूक की माझे मत विचाराल तर मी याच देवळात जास्त वेळ घालवीन. मंडपाला दगडी चाके आणि घोडे जोडून रथाचा आकार दिला आहे. शिवभक्तांच्या कथा लहान लहान चौकटींत कोरल्या आहेत. आपल्या संतांच्या गोष्टी ठाऊक असणाऱ्याला त्या ओळखीच्या वाटतील. हौस आणि दम असेल तर कुंभकोणमहून आणखी पस्तीस किलोमीटरवर गंगैकोंडचोळपुरम् आहे. राजराजाचा मुलगा राजेंद्र याची ही राजधानी. आज तिथे देऊळ आणि शेते एवढेच. ही तिन्ही देवळे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत. तंजावर 1987 पासून, इतर दोन 2004 पासून. एका दिवसात देवळे दोनच पाहावीत, तिसरे डोळ्यांत शिरत नाही.

तिरुवैयारू तर तेरा किलोमीटरवर आहे, संध्याकाळची फेरी. कावेरीकाठी त्यागराजांची समाधी आहे, आणि पौष वद्य पंचमीच्या सुमारास तिथे गायकांचा मोठा मेळा भरतो. गाण्याची आवड असणाऱ्यांनी तिकडच्या हरिकथाही ऐकाव्यात. तंजावरच्या मराठी कीर्तनकारांमुळे साकी आणि दिंडी या आपल्या चाली तमिळ कथेकऱ्यांनी उचलल्या, त्या अजून कानावर पडतात.

पण शेतकरी मंडळींना मी विशेष करून पश्चिमेला पाठवीन. तंजावरहून पंचेचाळीस-पन्नास किलोमीटरवर कावेरीवर एक बांध आहे, त्याचे नाव कल्लणै. कल् म्हणजे दगड, अणै म्हणजे बांध. करिकाल नावाच्या चोळ राजाने तो बांधला असे मानतात; म्हणजे गोष्ट जवळजवळ अठराशे वर्षांपूर्वीची. लांबी हजार फुटांहून थोडी जास्त, उंची तीन पुरुष. एवढ्याशा बांधाचे काय कौतुक, असे वाटेल. पण नदीचे पात्र पाहा. खाली कातळ नाही, नुसती वाळू. आपल्याकडे धरण म्हटले की आधी पक्का खडक शोधतात. इथे खडक मिळणार नाही. मग त्या लोकांनी केले काय? मोठमोठे धोंडे आणून वाळूत टाकले. ते खचले. त्यांवर आणखी टाकले, तेही खचले. असे टाकत गेले, शेवटी खालचा दगड घट्ट थराला जाऊन टेकला. मग त्यांवर चिखलात दगड बसवून बांध उभा केला. इंग्रजांच्या वेळी आर्थर कॉटन नावाचा इंजिनिअर इथे कामाला होता. सैल वाळूत पाया कसा घालायचा हे आपण या जुन्या लोकांकडून शिकलो, असे त्याने पुढे मोकळेपणी लिहून ठेवले. ती विद्या घेऊन तो गेला गोदावरीवर, आणि 1847 ते 1852 या काळात राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमचा बंधारा त्याने बांधला. आपल्या त्र्यंबकला उगवलेल्या नदीचे पाणी आंध्रातल्या शेतांत गेले ते असे.

कल्लणैपाशी उभे राहिलात की पाण्याची वाटणी डोळ्यांनी दिसते. एका बाजूला कावेरी, एका बाजूला वेण्णार, तिसरा 1934 साली खोदून झालेला मोठा कालवा, आणि जादा पाणी सोडायला कोल्लिडम. पूर आला की तो कोल्लिडमवाटे समुद्राकडे काढून द्यायचा आणि शेताला लागते तेवढेच पाणी पूर्वेकडच्या फाट्यांत सोडायचे, अशी ही युक्ती. वर मेट्टूरचे धरण आहे. त्याचे दरवाजे 12 जूनला उघडण्याचा प्रघात आहे, मात्र साठा असेल तरच. त्यानंतर काही दिवसांनी पाणी इथे पोचते आणि कुरुवै भाताची लगबग सुरू होते. कर्नाटक आणि तमिळनाडू यांचा कावेरीच्या पाण्याचा तंटा आपण वर्तमानपत्रांत वाचतो तेव्हा तो आकड्यांचा वाटतो. बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला "यंदा पाणी कसं?" एवढे खुणेने विचारा. भाषा येत नसली तरी त्याचे उत्तर कळते. मे महिन्यात गेलात तर पात्र कोरडे असण्याचा संभव आहे. निराश होऊ नका. पाणी नसते तेव्हाच ती वाळू नीट दिसते.

परतीची गाडी बहुधा रात्रीची असते. दुपारी खोली सोडावी लागली तर सामान काउंटरवर ठेवून घेतात. पावती मात्र मागून घ्या आणि पैसे जवळ ठेवा. तेवढ्या वेळात देवळाजवळच्या दुकानांतून मुलांसाठी बाहुली घेता येते. तंजावरची बाहुली दोन प्रकारची. एक राजा-राणीची, बुडाला माती भरलेली. कशीही आडवी पाडली तरी डुलत उभी राहते. तिला धक्क्याची भीती नाही, पिशवीच्या तळाशी टाकली तरी चालेल. दुसरी नाचरी. तिचे डोके, धड आणि घागरा वेगवेगळे असतात आणि एकमेकांवर तोलून ठेवायचे असतात. ती हलकी आणि नाजूक. दुकानदाराकडून सुटे भाग मोजून घ्या, प्रत्येक भाग निराळ्या कागदात गुंडाळायला सांगा, आणि डबा गाडीत वरच्या फळीवर न ठेवता मांडीवर धरा.